सातविणीखालचा देवचार आणि आमचे मेव्हणे

आमच्या मेव्हण्यांना हात आखडता घेता येत नाही, हे मला लग्नाच्या मांडवातच कळलं. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो. इतरांचे मेव्हणे कानाला दोन बोटं लावतात, हसतात, मानाचा पोशाख घेतात आणि बाजूला होतात. पांडुरंगदादांनी माझा कान असा पिळला की फोटोवाल्यानं क्षणभर कॅमेरा खाली घेतला. आमच्या अल्बममध्ये माझा उजवा कान अजूनही लाल आहे. वर म्हणाले, "भावोजी, गौरवीक सांभाळा हां. नाय तर दुसरो कान शिल्लक आसा."

गौरवी माझी बायको आणि पांडुरंगदादा तिचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून बराच मोठा. आम्ही गोव्यातले, पेडण्यातल्या पार्स्याचे; मी वीज खात्यात नोकरीला, वडील काजू आणि माडांच्या मागे. त्यांचं घर डिचोलीकडे, सुर्ल्याला. त्यांचे वडील दोडामार्गाहून खाणीवर कामाला आले आणि तिथलेच झाले. दादांनी वयात आल्यापासून खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तेव्हा दारातल्या ट्रकच्या चाकांत गवत वाढलं, आणि हा माणूस त्या गवताला पाणी घालतो की काय असं वाटावं इतक्या मायेनं त्या ट्रकशेजारी बसायचा. मग ट्रक गेला आणि टेंपो आला. आता कुणाच्या मांडवाचं सामान, कुणाचे नारळ, कुणाचं घर बदलणं, असं चालतं.

काम कसलंही असो, पद्धत एकच. ताडपत्रीला एक गाठ पुरते तिथे हे तीन मारतात आणि उतरवताना सुरीनं कापतात. मी एकदा बोलता बोलता म्हटलं की सुर्ल्याकडचे फणस गोड असतात. तिसऱ्या दिवशी दारात टेंपो. आमच्या वडिलांनी, भिकाजींनी, त्या वर्षी शेजाऱ्यापाजाऱ्यांना फणस वाटता वाटता हात टेकले. "सुर्ल्याच्या माणसाकडे गोडाबद्दल बोलू नको," त्यांनी मला ताकीद दिली, "उद्या उसाचं शेत आणून टाकेल."

अशा या दिलदार गड्याच्या दोन गोष्टी मला कधी उलगडल्या नव्हत्या. पहिली म्हणजे त्यांना गोळीचं भारी वावडं. डोकेदुखीची गोळी पुढे केली तरी अंगावर पाल पडल्यासारखे मागे सरकायचे. ताप आला की काढा, सर्दी झाली की काढा, पाठ धरली तरी काढाच. सासुरवाडीत सगळे त्यांना भित्रा म्हणून चिडवायचे, आणि तेही हसून घ्यायचे.

दुसरी गोष्ट सातविणीची. जुन्या खाणीच्या रस्त्याला एक दांडगी सातवीण आहे आणि तिच्याखाली देवचाराची जागा. देवचार म्हणजे त्या भागाचा राखणदार. त्याचा मान ठेवला तर वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, नाही ठेवला तर तोच वाट चुकवतो. येणारे-जाणारे मान झुकवतात, एखादी विडी ठेवतात आणि पुढे जातात. आमचे मेव्हणे मात्र अमावास्या चुकवायचे नाहीत. तांदळाचा रोट, विड्यांचं बंडल, काजूच्या फेणीची बाटली, एवढं सगळं घेऊन उभे. एकदा मी टेंपोत होतो, म्हणून विचारलं, "दादा, एवढं काय देणं लागता त्याचं?"

"शेजारी तो आमचो," एवढंच म्हणून त्यांनी गिअर टाकला. नंतर साखळी गाव येईपर्यंत गप्प. हा माणूस दोन किलोमीटर गप्प बसतो ही बातमीच होती, पण मी फार मनावर घेतलं नाही.

आमच्याकडे मूल व्हायला बरीच वर्षं लागली. गौरवीला दिवस गेले तेव्हा मला आनंद झालाच, पण सुर्ल्याला जे झालं त्याला आनंद म्हणणं कमी पडेल. सासूबाई, गंगाबाई, आमच्या लग्नानंतर लवकरच गेल्या होत्या. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर पांडुरंगदादा हटून बसले. त्यांची बायको सुलोचनावहिनी म्हणजे मुळातच कामाची, तिनं सगळं अंगावर घेतलं. मार्चअखेर, काजूचा मोसम ऐन रंगात असताना, मुलगा झाला. आमचे वडील फेणीच्या भट्टीवरून थेट उठून गेले, अंगाला निऱ्याचा, म्हणजे काजूच्या रसाचा, वास तसाच.

बाळाला पाहून वडील म्हणाले, "कपाळ आमच्या घराण्याचं."

"नाक बगा, नाक," दादा मध्येच म्हणाले. "ह्या नाक माझा. मामाच्या वळणार गेलो झील."

तिथून पुढे बारशापर्यंत बाळानं जे जे चांगलं केलं ते मामाच्या वळणावर आणि रडणं तेवढं पार्स्याकडचं, अशी वाटणी ठरून गेली.

त्यांच्या घरी एक रिवाज आहे. लेकीच्या पहिल्या बाळाला बारशाला लाकडी पाळण्यात घालत नाहीत. आईच्या आईचं लुगडं आढ्याला बांधून त्याची झोळी करतात आणि बाळाला त्यात निजवतात. पांडुरंगदादा स्वतः असेच आपल्या आजीच्या लुगड्यात झुलले होते. म्हणजे आता गंगाबाईंचं लुगडं हवं. ते पत्र्याच्या ट्रंकेत होतं, आणि ट्रंक दादांच्या ताब्यात होती. आईच्या लुगड्यांना कसर लागेल, झुरळ लागेल या धास्तीनं त्यांनी त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. दुसरा कुणी चार टाकील. यांनी दर चतुर्थीला अख्खं पाकीट रिकामं केलं होतं. लुगडं बाहेर काढलं तेव्हा त्यातून पांढरा चुरा गळत होता. झोळीला मुंग्या चढू नयेत म्हणून दादांनी आणखी काही गोळ्यांची पुरचुंडी करून दोराला बांधली.

वहिनी म्हणाली, "अवो, जरा उन्हात घालूया."

"नुको गो. आवशीचा लुगडा तां. घडी मोडलंस तर वास जायत."

आईचा वास जाईल म्हणून त्यांनी ते उन्हात घातलं नाही. आईचा वास त्यात कुठे उरला होता कोण जाणे. बारशाला आलेल्या बायका तर नाकाला पदर लावून पाळणा म्हणत होत्या. आमचे वडील माझ्या कानात म्हणाले, "बारशाक आयलों काय कपड्याच्या दुकानात?" बाळाचं नाव साईश ठेवलं. तेल लावून न्हाऊ घातलेलं, चकचकीत पोर आजीच्या लुगड्यात शांत झोपलं, आणि मामा झोळीची दोरी धरून खाली जमिनीवर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत.

बारशाला तीन दिवस झाले नसतील, वहिनीचा फोन आला. साईश पिवळा दिसतोय, दूध ओढत नाही, नुसता झोपतोय. मी आणि वडील सुर्ल्याला पोचलो तेव्हा अंगणात दोन मतं तयार होती. शेजारीण म्हणत होती, कावीळ उतरवणारा माणूस बोलवा. वहिनी म्हणत होती, आधी डॉक्टर. दादा कुठल्याच बाजूला नव्हते. ते पडवीच्या कट्ट्यावर बसले होते आणि त्यांच्या हातात साईशचा लंगोट होता. बदललेला, धुवायचा राहिलेला. त्यावरचा डाग काळ्या चहासारखा होता.

"दादा, टेंपो काढा," मी म्हटलं.

ते उठले. चेहरा राखेसारखा. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जाईपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि या वेळी मात्र ते मला लागलं. गौरवी बाळाला आईच्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरून बसली होती.

डॉक्टर तरुण बाई होत्या, आमच्या पेडण्याच्याच. त्यांनी बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, रक्त काढलं, आणि लपवाछपवी न करता सांगितलं. "रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटतायत. त्यांचा पिवळा रंग अंगात साठतोय. फार वाढला तर मेंदूला इजा करतो. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला नाही, तर बाळाचं रक्त बदलावं लागेल. मला कारण हवंय. आईच्या माहेरी कुणाला असं झालंय का? खास करून पुरुषांना? कावीळ, औषधानं त्रास, काळी लघवी, काहीही."

गौरवीनं मान हलवली. आमचे वडील पुढे सरसावले. "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाक कसलो रोग नाय. माझे आजे तर—"

"काका, तुमच्याकडचं नको," डॉक्टर म्हणाल्या. "मला आईकडचं हवंय."

वडिलांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या घराण्याचा इथे काही संबंध नाही. ते खाली बसले. मी मेव्हण्यांकडे पाहिलं. ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते.

दुपारी आकडा वाढलेला निघाला. दिवे चालू असूनही वाढला म्हणून डॉक्टर कपाळाला आठ्या घालून गेल्या. तेवढ्यात दादांनी मला खांद्याला धरून बाहेर व्हरांड्यात नेलं.

"भावोजी, मी सुर्ल्याक जावन येतंय. दोन तासांत परत येतलंय. कोंबो देवचो लागतलो."

"काय?"

"सातविणीक. कोंबो. जमल्यास बकरो."

माझं डोकंच फिरलं. दिवसभर दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "दादा, पोर आत मरणाशी झगडतंय आणि तुम्ही कोंबडा शोधत हिंडणार? लाज नाही वाटत?"

आणि तो आडदांड माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडायला लागला. "लाज वाटता म्हणानच सांगूक नाय इतकी वर्सां. ह्या माझ्या पापान झालां, भावोजी."

मग त्यांनी सांगितलं. विशी ओलांडली होती, नवा ट्रक हातात आला होता. खाणीच्या रस्त्याला रांग लागली होती, ट्रक हलत नव्हते, आणि यांना लघवी आवरेना. उतरले आणि घाईत सातविणीच्या बुंध्याशीच उभे राहिले. पाठीमागून कुणी तरी ओरडलं, "अरे, देवचाराची जागा ती!" तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी लघवी काळी. कॉफीसारखी. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. कुणाला न सांगता दोडामार्गाच्या एका घाड्याकडे, म्हणजे देवऋषीकडे, गेले. त्यानं कौल लावून सांगितलं की देवचार कोपलाय, औषधं बंद कर, अमावास्येला मान दे. त्यांनी औषधं बंद केली, मान दिला, आणि आठवड्यात बरे झाले. तेव्हापासून एकही अमावास्या चुकली नव्हती.

"पण गेल्या म्हयन्यात चुकली," ते म्हणाले. "झील जन्माक इल्लो, त्या गडबडीत इसारलंय. आनी तेणां माझा मूत ह्या पोराक लायल्यान."

मी इतका वेळ फक्त रागावलो होतो. आता मात्र त्यांच्या बोलण्यातला एक शब्द माझ्या डोक्यात अडकला. "औषधं बंद केलीत म्हणालात. कसली औषधं?"

"मलेरियाची. हिवताप झाल्लो माका. आधी पांढऱ्यो गोळ्यो, मगे दुसऱ्यो दिल्यानी. त्यो घेवक लागलंय त्याच दिसांनी..." ते थांबले.

"दादा, हे डॉक्टरांना सांगा."

"त्या पोरीक? मुताची गजाल? तुमच्या बापाशीसमोर?" ते दोन पावलं मागे सरकले. "तुमी सांगा."

"मी काय सांगू? गोळ्या मी घेतल्या होत्या का?"

त्यांनी काचेतून आत पाहिलं. निळ्या उजेडात साईश निजला होता, डोळ्यांवर पट्टी, नाकाचा तेवढा शेंडा वर. मामांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि थेट आत चालू पडले.

हात आखडता घेणं या माणसाला माहीत नाही हे मी सांगितलंच आहे. वीस वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते सांगताना त्यांनी आवाजही आखडता घेतला नाही. सातवीण, ट्रकची रांग, बुंधा, कॉफीचा रंग, सगळं वॉर्डभर ऐकू गेलं. पलीकडच्या खाटेवरची बाळंतीण उठून बसली. आमचे वडील जमिनीकडे बघत होते. एक नर्स कापसाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. मलेरियाच्या गोळ्या ऐकताच त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मला हेच हवं होतं, मामा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर करून हवा हुंगली. "सकाळपासून मला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. मला वाटलं, कपाटाचा. बाळाजवळ काय आहे?"

गौरवीनं बाळाच्या उशाशी हात घातला. नर्सनं सकाळीच लुगडं काढून टाकलं होतं, पण गौरवीनं त्याच्या पदराचा तुकडा घडी करून बाळाच्या डोक्याखाली ठेवला होता. आईचा हात असावा म्हणून. दूध पाजायला घेतानाही तोच मांडीवर पसरत होती.

मग सगळं भराभर झालं. पदर बाहेर गेला, गौरवीला कपडे बदलायला लावले, बाळाला पुसून काढलं. तेल लावलेल्या अंगातून तो डांबराचा अर्क आणखी लवकर आत शिरतो, हेही तेव्हाच कळलं. लुगड्याची पिशवी घेऊन वहिनी इस्पितळाच्या फाटकाबाहेर जाऊन बसली. संध्याकाळी रक्त पुन्हा तपासलं. आकडा वाढायचा थांबला होता. रक्त बदलायची तयारी त्यांनी बाजूला ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा खाली आला. मी जाऊन व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलो आणि मला रडू कोसळलं. वडिलांनी माझ्या हातात पाव आणि चहा ठेवला.

साईश डोळे उघडून, हातपाय झाडून दुधासाठी कोकलायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. पांडुरंगदादांचं रक्त तोवर तपासून आलं होतं.

"तांबड्या पेशीला स्वतःला सांभाळायला एक द्रव्य लागतं," त्या म्हणाल्या. "ते बनवायची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. तुमच्या कृतीत चूक आहे, मामा. एरवी काही बिघडत नाही, माणूस ट्रक चालवतो, फणस उचलतो. पण काही ठरावीक गोष्टी अंगात गेल्या, मलेरियाच्या काही गोळ्या, डांबराच्या गोळ्या, लहान बाळाला मेंदीसुद्धा, की पेशींना तो मारा सोसत नाही आणि त्या फुटतात. म्हणून लघवी काळी झाली. औषध थांबवलंत म्हणून बरे झालात."

"म्हणजे घाडी बरोबर बोल्लो?"

"औषध बंद कर, एवढं बरोबर बोलला. बाकी तुमचं तुम्ही बघा."

"आनी ह्या पोराक माझ्याकडसून इला?" त्यांचा आवाज पुन्हा बारीक झाला.

"नाही. मामाकडून भाच्याला काहीच जात नाही. ही कृती असते एक्स नावाच्या गुणसूत्रावर. बाईकडे ती दोन असतात. एक बिघडलं तरी दुसरं काम भागवतं, म्हणून बहुतेक बायकांना कळतही नाही. पुरुषाकडे एकच, आणि ते फक्त आईकडून येतं. तुमच्या आईकडे एक चांगलं, एक चुकीचं असणार. चुकीचं तुम्हाला मिळालं, आणि तुमच्या बहिणीलाही. तिच्याकडून बाळाकडे आलं. चांगलंही येऊ शकलं असतं, निम्मी निम्मी शक्यता होती. बाळाची पक्की तपासणी काही महिन्यांनी करू, आत्ता नव्या पेशींमुळे नीट कळणार नाही. पण मला शंका नाही."

आमच्या वडिलांना एवढ्या दिवसांनी तोंड उघडायला जागा मिळाली. "म्हणजे एकूण काय, माल सुर्ल्याचो."

"काका, या जनुकामुळे मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं म्हणतात. तेवढंही तुमच्याकडून नाही मिळालं त्याला," डॉक्टर म्हणाल्या.

"माका खंय सौंरक्षण मिळाला?" दादा म्हणाले. "हिवताप तो झालोच." मग काही सुचलं तसे सरळ बसले. "आनी आमची कोमल?" कोमल त्यांची मुलगी, सातवीत शिकणारी.

"तुमचं एक्स तिच्याकडे गेलेलंच आहे. तिला बहुधा काही होणार नाही. पण उद्या तिला मुलगा झाला तर डॉक्टरांना आधी सांगायचं. लपवायचं नाही."

"लपवतंय कसा? वॉर्डभर सांगलंय ना!"

या वेळी सगळेच हसले, पलीकडच्या खाटेवरची बाळंतीणसुद्धा. दादा हसले नाहीत. ते साईशकडे बघत बसले होते.

"आवशीचा," ते हळूच म्हणाले. "मी म्हणी, नाक माझा. नाकाचा जावंदे. पन आवशीचा कायतरी ह्येच्यात आसा आनी माझ्यातय आसा. लुगड्यात वास शोधी होतंय मी."

गौरवीनं भावाच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे ट्रंक अंगणात आली. सगळी लुगडी धुवून, कडक उन्हात, परत धुवून, परत उन्हात. दादांनी स्वतः दोरी बांधली, अर्थातच तीन गाठी मारून. आता त्या ट्रंकेत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला आहे; इतका, की लुगडी शोधावी लागतात. त्यांच्या पाकिटात डॉक्टरांनी लिहून दिलेला, टाळायच्या औषधांचा कागद असतो. गोवाभर ज्याच्या घरी सामान उतरवतील त्याला तो दाखवतात, मग त्याचा त्या घराशी संबंध असो वा नसो. काही महिन्यांनी साईशची तपासणी झाली आणि डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. साईश तोवर रांगत होता आणि मिळेल ती वस्तू तोंडात घालत होता, तेव्हा आमच्या घरातून डांबराची गोळी कायमची हद्दपार झाली.

त्या तपासणीनंतरच्या अमावास्येला मी सुर्ल्याला होतो. सकाळीच दादांनी टेंपो काढला. मागे पाहिलं तर रोट दोन, विड्यांची बंडलं दोन, फेणीच्या बाटल्या दोन.

"दादा, आता कशाला?" मी म्हटलं. "कळलं ना, ते रक्तातलं होतं म्हणून. देवचाराचा काही संबंध नव्हता."

"म्हणानच जातंय," ते म्हणाले.

सातविणीखाली त्यांनी सगळं नीट मांडलं, एक विडी पेटवून दगडावर ठेवली, चपला काढून हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. "म्हाराजा, वीस वर्सां तुझ्यार आळ घेतलंय. तुया काय एक करूक नाय होतस. मी घाण केलंय, ता माझा चुकला, ता वेगळा. पन रक्त माझा होता, गोळ्यो सरकारच्यो, आनी नाव तुझा बद्दू केलंय. भाच्याच्या येळाकय तुझाच नाव घेतलंय. माफी कर. ह्या आता भियान नाय देणय. शेजारी म्हणान देतंय."

मी बाजूला उभा होतो. हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मीही चपला काढल्या आणि हात जोडले.

परतताना रस्ता बराच पुढे गेल्यावर त्यांनी टेंपो बाजूला घेतला. "जरा थांबा, भावोजी. इथे कोणाची जागा नाय." ते झुडपांमागे गेले. परत येऊन बसले, पण चावी फिरवेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"वीस वर्सां," ते म्हणाले, "दर खेपेक भियेत भियेत बगी होतंय, काळा तर नाय ना? रोज. पावसात, काळोकात, बॅटरी मारून सुदीक. आज बगूकच इसारलंय."